पिशवीच्या अस्तराचा इतिहास : खरडण्यापासून स्टेम सेलपर्यंत



इतिहास म्हटलं की आपल्याला गड, लढाया आणि सनावळ्या आठवतात. शाळेत आपण तेवढंच पाठ केलं. पण आपल्या शरीरालाही इतिहास आहे. कोणता आजार कोणी ओळखला, कोणत्या उपचाराने बायांचं भलं झालं, कोणत्या उपचाराने नुकसान झालं, हा इतिहास आपल्याला कोणी शिकवला नाही. आज मी गर्भपिशवीच्या अस्तराचा इतिहास सांगणार आहे. शेवटी आपण ‘स्टेम सेल’ या नव्या उपचारापर्यंत येऊ. हा शब्द आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला आहे आणि त्याच्या मागोमाग लाखांचे आकडेही पोहोचले आहेत. म्हणून गटातल्या प्रत्येकीला हा विषय माहीत असायला हवा.

अस्तर म्हणजे काय?

गर्भपिशवीच्या आतल्या बाजूला एक मऊ थर असतो. तेच अस्तर. गोधडीला आतून अस्तर असतं ना, तसं. गर्भ राहतो तो या अस्तरातच रुजतो. दर महिन्याला हे अस्तर वाढतं, जाड होतं, बाळाची वाट बघतं. गर्भ राहिला नाही की वरचा थर सुटतो आणि पाळीच्या रूपाने बाहेर पडतो. पाळी म्हणजे शरीरातली घाण बाहेर पडते, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं गेलं. ती घाण नाही. बाळासाठी केलेली तयारी त्या महिन्यात कामी आली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या अस्तराचे दोन थर असतात. वरचा थर दर महिन्याला गळतो. खालचा थर जागेवर राहतो आणि त्यातूनच पुढच्या महिन्याचा नवा थर उगवतो. द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या मैत्रिणींना हे लगेच समजेल. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, वेल पार उघडा पडतो. तरी आपल्याला काळजी नसते, कारण ओलांड्यावर डोळे राखलेले असतात. त्या डोळ्यांतून नवी फूट येते. पण कोणी डोळ्यांसकट साल खरडून काढली, तर कितीही पाणी द्या, कितीही खत घाला, तिथे फूट येणार नाही. अस्तराचंही असंच आहे. वरचा थर गेला तर परत येतो. खालचा थर खरडला गेला तर अडचण होते.

एका बाईला आयुष्यात साधारण चारशे वेळा पाळी येते. म्हणजे चारशे वेळा हे अस्तर गळतं आणि पुन्हा उभं राहतं. व्रण न ठेवता इतक्या वेळा नव्याने उगवणारं दुसरं काही आपल्या शरीरात क्वचितच सापडेल. इतक्या वेळा ते उगवतं कसं, हे कोडं सुटायला मात्र एकविसावं शतक उजाडावं लागलं.

खरडण्याच्या हत्याराचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये रेकामिए नावाच्या डॉक्टरने लांब दांड्याच्या चमच्यासारखं एक हत्यार आणलं. त्याला क्युरेट म्हणतात. गर्भपिशवीच्या आत घालून अस्तर खरडून काढायचं. आपल्याकडे त्याला ‘पिशवी साफ करणं’ म्हणतात, कोणी ‘क्युरेटिंग’ म्हणतं. गर्भपात झाल्यावर, वार अडकल्यावर, फार अंगावरून गेल्यावर हे हत्यार वापरलं गेलं आणि त्याने अनेक बायांचे जीव वाचले. ही गोष्ट आधी मान्य केली पाहिजे.

पण त्याची दुसरी बाजूही होती. 1894 साली जर्मनीतल्या हाइनरिश फ्रिच या डॉक्टरने एका बाईची हकिगत नोंदवली. बाळंतपणानंतर तिची पिशवी खरडली होती आणि त्यानंतर तिची पाळी कायमची थांबली. पुढे 1948 मध्ये जोसेफ अशरमन या डॉक्टरने अशा 29 बायांची माहिती एकत्र करून छापली. त्या सगळ्यांच्यात एक गोष्ट सारखी होती. पिशवी खरडली गेली, आतल्या भिंतींना जखमा झाल्या, जखमा भरताना दोन बाजू एकमेकींना चिकटल्या आणि पाळी बंद पडली किंवा नावापुरती राहिली. तेव्हापासून या आजाराला अशरमन सिंड्रोम म्हणतात.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबू या. हा आजार बाईच्या पापामुळे आला नाही, कोणाच्या नजरेने आला नाही, तिने चुकीचं खाल्ल्याने आला नाही. पुष्कळदा तो उपचारातून आला. पण घरी आल्यावर ‘वांझ’ हा शब्द तिच्याच कपाळी लागला. पहिल्या दिवसांचा गर्भ पडला, तालुक्याला नेऊन पिशवी साफ केली, नंतर पाळी कमी झाली आणि पुन्हा दिवस राहिले नाहीत, अशा बाया आपल्या ओळखीत असतील. त्यांच्यापैकी कितीजणींना कोणी सांगितलं असेल की तुझ्या पिशवीचं अस्तर दुखावलं आहे, याला नाव आहे, हे तपासता येतं?

यावर उपायही निघत गेले. 1958 मध्ये चीनमध्ये खरडण्याऐवजी हलक्या ओढीने पिशवी रिकामी करण्याची पद्धत पुढे आली. त्याला व्हॅक्युम किंवा सक्शन म्हणतात. भारतात 1971 साली गर्भपाताचा कायदा झाला आणि चोरून, धोक्याने होणाऱ्या गर्भपातांना सुरक्षित वाट मिळाली. आज तर सुरुवातीच्या आठवड्यांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनीही काम होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2012 च्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं की धारदार हत्याराने खरडण्याची पद्धत जुनी झाली, तिच्या जागी व्हॅक्युम किंवा गोळ्या वापराव्यात. तरीही कितीतरी ठिकाणी जुनं हत्यार अजून सुटलेलं नाही.

छुपा चोर : टीबी

आपल्या देशात अस्तर खराब होण्याचं आणखी एक मोठं कारण आहे, ते म्हणजे क्षयरोग, टीबी. टीबी म्हणजे खोकला असं आपल्याला वाटतं. पण टीबीचे जंतू रक्तातून गर्भपिशवीत आणि नळ्यांमध्ये जाऊन बसू शकतात. तेव्हा खोकला नसतो, ताप अगदी बारीक असतो, कधी काहीच लक्षण नसतं. पाळी कमी होत जाते, नळ्या बंद होतात, अस्तर आतून कोरडं पडतं, चिकटतं. मूल होत नाही म्हणून तपासणीला गेल्यावरच तो सापडतो. तोवर उशीर झालेला असतो.

मग उशीर का होतो? याचं उत्तर महाराष्ट्रातच मिळालं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायांची तपासणी केली. 1989 साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात 92 टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. आणि त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बाया किती होत्या? शंभरात जेमतेम आठ. म्हणजे दुखणं जवळजवळ सगळ्यांना आणि तपासणी जवळजवळ कोणालाच नाही. तोवर जगात असं मानलं जायचं की खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, बस. बाळंतपणाच्या आधी आणि नंतरही बाईला शरीर असतं, हे त्या दोन गावांतल्या बायांनी जगाला दाखवून दिलं.

परळ भागातला इतिहास

आता आपण मुंबईला जाऊ. गिरणगावातल्या परळ भागात थोड्या थोड्या अंतरावर तीन संस्था आहेत. टाटा मेमोरियल रुग्णालय, केईएम रुग्णालय आणि प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था. आपल्या विषयाचे दोन धागे इथून जातात.

पहिला धागा टाटा रुग्णालयाचा. 1983 साली तिथे डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकाने रक्ताचा कर्करोग झालेल्या एका लहान मुलीवर अस्थिमज्जेचं रोपण केलं. भारतातलं ते पहिलं यशस्वी रोपण मानलं जातं. अस्थिमज्जा म्हणजे हाडाच्या आतला गर. त्यात मूळपेशी असतात, म्हणजेच स्टेम सेल. सामान्य पेशी आपलं ठरलेलं काम करते आणि मरते. मूळपेशी मात्र स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करते आणि गरजेप्रमाणे वेगळ्या पेशीही घडवते. वेलीवरच्या डोळ्यासारखीच ती समजा. रक्ताच्या काही आजारांत हा उपचार आता पक्का झाला आहे. त्यात प्रयोगाचं काही उरलेलं नाही.

दुसरा धागा केईएमचा. 6 ऑगस्ट 1986 रोजी तिथे हर्षा चावडा ही मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून आलेली ही टेस्ट ट्यूब बाळ. नळ्या बंद असलेल्या बाईलाही आई होता येईल, ही वाट तेव्हा आपल्या राज्यात मोकळी झाली. हर्षा स्वतः 2016 मध्ये आई झाली.

पण टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारालाही एक मर्यादा आहे. बाहेर तयार केलेला गर्भ शेवटी पिशवीतच ठेवावा लागतो आणि तो रुजायला अस्तर लागतं. डॉक्टर साधारण सात मिलिमीटर जाडी असावी असं धरतात. बी उत्तम, पण जमिनीला ओलच नाही, तर काय उगवणार? ज्यांचं अस्तर टीबीने किंवा खरडल्याने गेलं, त्यांच्यापुढे हा प्रश्न तसाच राहिला. दुर्बिणीने चिकटलेले भाग सोडवता येतात, नंतर गोळ्या देऊन अस्तर वाढवता येतं. पुष्कळजणींना त्याने गुण येतो. पण खालचा थरच उरला नसेल तर त्याही उपायांचा हात टेकतो.

2004 : कोड्याचं उत्तर

2004 हे वर्ष आपण लक्षात ठेवू. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात कॅरोलिन गार्गेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की गर्भपिशवीच्या अस्तरात मूळपेशींसारख्या पेशी असतात. अस्तर चारशे वेळा कसं उगवतं, त्याचं हे उत्तर. त्यांनी हे कशावरून शोधलं? शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भपिशव्यांवरून, त्या बायांनी संशोधनासाठी दिलेल्या. टाकून दिली जाणारी पिशवी जगाला एवढं मोठं शिकवून गेली.

त्याच वर्षी अमेरिकेत ह्यू टेलर यांनी चार बायांची तपासणी केली. या बायांना रक्ताच्या आजारासाठी दुसऱ्याची अस्थिमज्जा दिलेली होती. त्यांच्या गर्भपिशवीच्या अस्तरात त्या दात्याच्या पेशी सापडल्या. म्हणजे हाडातल्या गरातून निघालेल्या पेशी फिरत फिरत पिशवीपर्यंत पोहोचल्या होत्या आणि अस्तराचा भाग झाल्या होत्या.

आणि 2007 मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली. पाळीच्या रक्तातही अशा पेशी सापडल्या. ज्या रक्ताला आपण विटाळ म्हणतो, ज्यामुळे चार दिवस बाजूला बसवतात, देवाच्या दारात पाय ठेवू देत नाहीत, त्याच रक्तात शास्त्रज्ञांना नव्याने उगवण्याची ताकद दिसली. हे ज्या दिवशी मी वाचलं, त्या दिवसापासून गटाच्या बैठकीत ‘कावळा शिवला’ म्हणणाऱ्या आजीबाईंनाही मी ते सांगते. काहीजणी हसतात, काहीजणी विचारात पडतात.

अहमदाबाद, दिल्ली आणि पुणे

या शोधांतून उपचाराचा प्रयत्न भारतात लवकर झाला. 2011 मध्ये अहमदाबादच्या डॉक्टरांनी एका बाईची हकिगत प्रसिद्ध केली. तिला अशरमनचा गंभीर त्रास होता. तिच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी तिच्या पिशवीत सोडल्या, अस्तर वाढलं आणि टेस्ट ट्यूब पद्धतीने तिला दिवस राहिले. 2014 मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाने सहा बायांचा अनुभव छापला. दुसऱ्या कोणत्याही उपायाला दाद न देणारा आजार होता. त्यांचं अस्तर सरासरी दीड मिलिमीटरही नव्हतं. उपचारानंतर नऊ महिन्यांनी ते साधारण साडेपाच मिलिमीटर झालं आणि सहापैकी पाचजणींची पाळी सुरू झाली. 2016 मध्ये स्पेनमधून अशाच 16 बायांचा अभ्यास आला.

हे आकडे नीट बघा. एक बाई. सहा बाया. सोळा बाया. पाळी परत येणं ही मोठी गोष्ट आहे, मी ती लहान मानत नाही. पण साडेपाच मिलिमीटर म्हणजे सात नव्हे आणि पाळी येणं म्हणजे मूल होणं नव्हे. शिवाय या अभ्यासांत उपचार न मिळालेल्या बायांचा दुसरा गट तुलनेला नव्हता. आपण नवं बियाणं घेतो तेव्हा अर्धा वाफा जुन्या बियाण्याचा ठेवतो, तेव्हाच फरक कळतो. विज्ञानातही तसंच असतं. म्हणून या उपचाराबद्दल एवढंच म्हणता येतं की आशा आहे, पण अजून सिद्ध झालेलं नाही.

याच काळात पुण्यात वेगळीच वाट निघाली. मे 2017 मध्ये गॅलक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने भारतातलं पहिलं गर्भाशय रोपण केलं. पहिली रुग्ण सोलापूरची 21 वर्षांची तरुणी होती. तिला जन्मतः गर्भपिशवी नव्हती. तिच्या आईने आपली पिशवी तिला दिली. दुसऱ्या दिवशी गुजरातमधल्या एका तरुणीवर रोपण झालं. तिला पिशवी होती, पण अशरमनच्या आजाराने आतून निकामी झालेली. तिलाही तिच्या आईनेच पिशवी दिली. 18 ऑक्टोबर 2018 रोजी पुण्यात तिने मुलीला जन्म दिला. बाळ वेळेआधी, सिझेरियनने झालं, वजन 1450 ग्रॅम. रोपण केलेल्या पिशवीतून झालेला भारतातला हा पहिला जन्म. जगातला पहिला त्याआधी चार वर्षं स्वीडनमध्ये झाला होता.

ज्या पिशवीत ती स्वतः वाढली, त्याच पिशवीत तिची मुलगी वाढली. ऐकताना डोळ्यात पाणी येतं. पण त्यामागे दोघी मायलेकींच्या मोठ्या शस्त्रक्रिया, महिनोन्महिने देखरेख आणि शरीराने परकी पिशवी नाकारू नये म्हणून घ्यावी लागणारी कडक औषधं होती, हेही लक्षात ठेवू.

त्याच महाराष्ट्रात, दुसऱ्या टोकाला

पुण्यातल्या त्या जन्माला वर्षही झालं नव्हतं, तोच 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची बातमी देशभर गाजली. तरुण वयातच त्यांच्या गर्भपिशव्या काढल्या जात होत्या. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायांमागे एक.

कारणं आपल्याला परकी नाहीत. मुकादमाकडून उचल घेतलेली, कोयता म्हणजे नवरा-बायको जोडीने धरलेला, एक दिवस गैरहजर राहिलं की खाडा. फडावर ना मोरी, ना पाणी. पाळीत कापड बदलायला आडोसा नाही. अंगावर पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. डॉक्टरकडे गेलं की सांगतात, ‘पिशवी खराब झाली, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.’ साध्या गोळ्यांनी बरं झालं असतं असं दुखणं कायमचं पिशवीवर निघतं. त्यानंतर तिशीतच अंगाची आग, हाडं दुखणं, थकवा. आपल्या जिल्ह्यातही उसाच्या फडावर टोळ्या उतरतात, तेव्हा हा प्रश्न फक्त बीडचा म्हणून सोडून देता येत नाही.

एकाच राज्यात एक बाई अस्तर परत मिळावं म्हणून जीव पणाला लावते आणि दुसरीची धडकी पिशवी दोन दिवसांची खाडा-मजुरी वाचावी म्हणून काढली जाते. दोघींच्या मागे एकच गोष्ट आहे. वेळेवर, प्रामाणिकपणे, पूर्ण माहिती देऊन केलेली तपासणी दोघींनाही मिळाली नव्हती.

कर्जाचा अर्ज

हा इतिहास मी का वाचू लागले, ते सांगते. आमच्या एका गटात कर्जाचा अर्ज आला. कारण लिहिलं होतं, ‘दवाखाना’. रक्कम मात्र गटाच्या सगळ्या बचतीपेक्षा जास्त होती. विचारल्यावर त्या ताईंनी सांगितलं की लग्नाला आठ वर्षं झाली, एकदा दिवस गेले होते, गर्भ पडला, पिशवी साफ केली, तेव्हापासून पाळी नावालाच येते. शहरातल्या एका दवाखान्याने स्टेम सेलचं पॅकेज सांगितलं होतं. ‘शंभर टक्के गुण येईल’ असं म्हणाले होते. सासू पोत विकायला तयार होती, नवऱ्याने रान गहाण टाकायचं ठरवलं होतं.

गटात दोन बाजू पडल्या. एक म्हणाली, मूल ही काय शेळी आहे का, कर्ज काढून आणायला? दुसरी म्हणाली, तुला दोन पोरं आहेत म्हणून तू बोलतेस. दोघींचंही म्हणणं ऐकून मी त्या ताईंचे कागद मागितले. कागदात पावत्या होत्या. पिशवीच्या अस्तराची टीबीची तपासणी नव्हती, दुर्बिणीची तपासणी नव्हती, नवऱ्याची एकही तपासणी नव्हती. मूल न होण्याचं कारण पुष्कळ जोडप्यांत पुरुषाकडेही असतं, पण इथे त्याचा विचारच झाला नव्हता. आम्ही ठरवलं की गट आधी तपासण्यांसाठी लागेल तेवढं छोटं कर्ज देईल आणि एकजण सोबत सिव्हिल हॉस्पिटलला जाईल. तपासणीत टीबी निघाला. सहा महिन्यांची औषधं सरकारी योजनेतून फुकट मिळाली. त्यांचं रान आज त्यांच्याच नावावर आहे. पुढचे उपचार चालू आहेत, मूल होईल की नाही ते आज कोणीच सांगू शकत नाही. ताई मात्र आता डॉक्टरांना स्वतः प्रश्न विचारतात.

नियम काय सांगतात?

2017 मध्ये आयसीएमआर आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने मूळपेशींच्या संशोधनाची सुधारित नियमावली काढली. तिचा सारांश आपल्या भाषेत असा. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी अस्थिमज्जेचं रोपण हा मान्य उपचार आहे. बाकी आजारांसाठी स्टेम सेलचा वापर हा प्रयोग आहे आणि तो परवानगी घेतलेल्या संशोधनातच करता येतो. प्रयोगात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. पाळीचं रक्त पैसे घेऊन साठवून ठेवण्याच्या बँकेलाही या नियमावलीत परवानगी नाही. म्हणून कोणी ‘पॅकेज’ विकत असेल तर तिथेच सावध व्हा.

कोणी स्टेम सेलचं नाव काढलं तर चार प्रश्न विचारा. एक, हे संशोधन आहे की उपचार? दोन, संशोधन असेल तर सीटीआरआय, म्हणजे देशाच्या नोंदवहीतला क्रमांक काय? तीन, नैतिकता समितीची परवानगी आणि मराठीतलं संमतीपत्र दाखवा. चार, मग पैसे कशाचे? या चार प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं नाही तर चप्पल घालून घरी या.

आपण काय करायचं?

पहिलं, गर्भ पडला किंवा गर्भपात करावा लागला तर सरकारमान्य ठिकाणीच जा आणि विचारा की गोळ्यांनी किंवा सक्शनने होईल का. खरडणं टाळता येत असेल तर टाळू द्या. पण रक्त फार जात असेल, ताप असेल, तर घरी थांबू नका. तेव्हा जीव आधी.

दुसरं, पिशवी साफ केल्यानंतर पाळी एकदम कमी झाली, थांबली किंवा दर महिन्याला नुसतंच पोट दुखतं, तर वर्षानुवर्षं थांबू नका. दोन-तीन महिन्यांतच दाखवा. चिकटलेलं लवकर सोडवलं तर गुण येण्याची शक्यता जास्त. मात्र अंतराचं इंजेक्शन घेत असाल तर त्यानेही पाळी कमी होते किंवा थांबते, तेव्हा घाबरू नका, आशाताईंना सांगा.

तिसरं, घरात कोणाला टीबी झाला असेल आणि तुमची पाळी कमी होत असेल किंवा दिवस राहत नसतील, तर ती गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगा.

चौथं, ‘पिशवी काढा’ असं कोणी म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका. कधी कधी पिशवी काढणं खरंच गरजेचं असतं. पण ते आधी तपासणीतून ठरलं पाहिजे.

पाचवं, पाळीच्या तारखा लिहून ठेवा. आपण गटाची वही महिन्याच्या महिन्याला भरतो, रुपयाचा हिशोब चुकू देत नाही. त्याच वहीच्या मागच्या पानावर पाळी कधी आली, किती दिवस गेली, एवढं लिहिलं तरी डॉक्टरांना अर्धं उत्तर मिळतं.

आणि शेवटचं. एखादीला मूल नाही म्हणून हळदी-कुंकवाला, डोहाळजेवणाला, बारशाला बोलवायचं टाळलं जातं. हे थांबवणं आपल्या हातात आहे. त्याला ना परवानगी लागते, ना पैसा. अस्तराचा इतिहास आपण पाहिला. त्यात ज्या बायांच्या दुखण्यातून डॉक्टर शिकले, त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. फ्रिचची ती रुग्ण, अशरमनच्या त्या 29 जणी, गडचिरोलीच्या 650, मेलबर्नमध्ये आपली पिशवी संशोधनाला देणाऱ्या, बीडच्या 13,861. यापुढे आपल्या गावातली कोणी अशा यादीतला नुसता आकडा होऊ नये, एवढं आपण गटाने मिळून नक्की करू शकतो.

पुढच्या बैठकीत हा लेख एकीने मोठ्याने वाचा आणि बाकीच्यांनी ऐका. प्रश्न असतील ते लिहून आशाताईंकडे द्या किंवा आमच्याकडे पाठवा. पुढच्या भागात आपण तिशी-पस्तिशीनंतर पाळीत होणाऱ्या बदलांबद्दल बोलू. तोवर नमस्कार.